हातघाईचा ब्लेंडर

स्वानंदीवर मी जळत होतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझा चांगुलपणा शोधत बसायला नको. ती सव्वीस वर्षांची, मी एक्कावन्न. ती मला मुलगी शोभेल अशा वयाची, मला काका म्हणणारी, आमच्या घरी जेवून गेलेली. तरी जळत होतो. वयाने माणूस जळायचा थांबतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एखाद्या कंपनीच्या स्टोअरमध्ये अकरा वर्षं काढून बघावीत.

दिल्लीजवळ मानेसरला आमची कंपनी स्वयंपाकघरातली यंत्रं बनवते. मिक्सर, टोस्टर, इस्त्र्या आणि आता हातात धरायचे ब्लेंडर. मी तिथे स्टोअर बघतो. आलेला माल तपासायचा, मोजायचा, सही करून आत घ्यायचा. राहतो दिल्लीत आर. के. पुरमला, बायकोच्या सरकारी क्वार्टरमध्ये. कुमुद मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे, घराच्या दारावरची पाटी तिच्या नावाची. त्याचं मला काही नाही. खरंच नाही. मला जे हवं होतं ते वेगळंच होतं.

कंपनीत मी एकटा मराठी होतो. खोक्यावर सात भाषांत मजकूर छापतात, त्यात मराठी असतेच. तो मजकूर कुठून तरी भाषांतर होऊन यायचा आणि छापायच्या आधी मार्केटिंगमधलं कुणीतरी माझ्याकडे कागद टाकायचं. ‘सुधाकरजी, ज़रा मराठी देख लो.’ मी बघायचो. एकदा मिक्सरच्या खोक्यावर ‘पहिल्या वापरापूर्वी स्वतःला धुऊन कोरडे करा’ असं आलं होतं. भांडं धुवायचं होतं, त्यांनी गिऱ्हाइकालाच आंघोळीला पाठवलं. मी पकडलं. इस्त्रीवर ‘गरम असताना मुलांवर ठेवू नका’ असं होतं, तेही मीच पकडलं. बक्षीस काय, तर साहेबाच्या केबिनमध्ये एक चहा. नाव कुठे नाही. अकरा वर्षं महाराष्ट्रातल्या घराघरांत माझी मराठी गेली आणि तिच्यावर माझं नाव नव्हतं.

फेब्रुवारीत कळलं की कंपनी प्रत्येक मोठ्या भाषेसाठी एक माणूस नेमणार आहे. भाषा समन्वयक. मी अर्ज केला. कुमुदने शर्टाला दोनदा इस्त्री केली. मार्केटिंगचे मुख्य धीरज सर, वय छत्तीस, त्यांनी मला प्रेमाने बसवून सांगितलं की या कामाला डिझाइनचं सॉफ्टवेअर यावं लागतं, सोशल मीडिया यावा लागतो, आणि तुम्ही गेलात तर स्टोअर कोण बघणार. मी हसून ‘बिल्कुल, सर’ म्हणालो. दीड महिन्याने त्या खुर्चीत स्वानंदी बसली. सहा महिने कच्ची, मग काम बघून पक्की.

तिला मी लहानपणापासून ओळखतो. तिची आई पद्मजा आणि कुमुद एकाच मंत्रालयातल्या, आम्ही एकाच सेक्टरमध्ये राहत होतो. महाराष्ट्र मंडळातली काही घरं मिळून आम्ही रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायचो. शिकवायचो मी. आठ वर्षांची स्वानंदी पुढच्या सतरंजीवर बसून शब्द वहीत लिहायची, डाव्या बाजूला मराठी आणि उजव्या बाजूला हिंदी. घाई म्हणजे जल्दी. उशी म्हणजे तकिया. ती वर्गातली सगळ्यात हुशार होती हे कबूल करतो. पण ती दिल्लीत वाढली. तिला सिनेमा आवडत नाही, ‘चांगला लागतो’. तिच्याकडून चूक होत नाही, ‘माझ्यापासून गलती झाली’ असं असतं. ही पोरगी माझ्या खुर्चीत बसून महाराष्ट्राला मराठी शिकवणार होती.

सकाळी कंपनीच्या बसमध्ये ती नेमकी माझ्याशेजारी येऊन बसायची. ‘काका, सरका ना.’ मी सरकायचो. रस्ताभर बोलायची. डब्यातली साबुदाण्याची खिचडी झाकणात काढून मला द्यायची. मी खायचो. खिचडी चांगली असायची, त्याचाही राग यायचा.

जूनमधल्या एका रविवारी कुमुदने तिला जेवायला बोलावलं. पोरगी आली, ओटा बघितला, कुमुदच्या हातातून काकडी घेतली, कोशिंबीर केली, पानं मांडली, जेवण झाल्यावर उरलेलं लहान भांड्यांत काढून मोठी भांडी घासायला रिकामी केली. सगळं गप्पा मारता मारता. ती गेल्यावर कुमुद पुसलेल्या ओट्याकडे बघत म्हणाली, ‘किती आटोपशीर मुलगी आहे.’

आता हा शब्द सांगायला हवा. आमच्या घरात तो रोज लागतो. वरण, भात, एक भाजी, लिंबाची फोड, की झाला आटोपशीर स्वयंपाक. पन्नास माणसांत लागलेलं लग्न आटोपशीर. दोन दिवसांच्या प्रवासाला एकच पिशवी, ती आटोपशीर. ज्याला आपल्या दोन हातांनी आवर घालता येतो, जे पसरत नाही, अंगावर येत नाही, ते. उलट बाजूने कुमुद म्हणते, ‘हा पसारा मला आटोपत नाही,’ तेव्हा पसाऱ्यापेक्षा माझ्याकडे जास्त बघते. चोवीस वर्षांच्या संसारात तिने मला हा शब्द एकदाही लावलेला नाही. माझं बोलणं लांबतं, माझी पुस्तकं पलंगाखाली जातात, माझा राग दोन-दोन दिवस घरात पडून राहतो. आणि ही पोरगी एका दुपारी येऊन तो शब्द घेऊन गेली. तिला त्याचा अर्थही विचारावा लागला असता.

हे सगळं मनात असताना ऑगस्ट आला.

ब्लेंडरचं खोकं दिवाळीच्या आत महाराष्ट्रात पोचवायचं होतं. इंग्रजीत वर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता, हँडी. सगळी जाहिरात त्या एका शब्दावर उभी. बसमध्ये स्वानंदीने कानातला इअरफोन काढला आणि विचारलं की काका, हँडीला मराठीत काय म्हणायचं, डिक्शनरीत ‘हाताळण्यास सुलभ’ आहे पण ते सरकारी नोटिसीसारखं लागतं.

शब्द माझ्या जिभेवर होता. त्याच क्षणी होता. आटोपशीर. तिने विचारायचा अवकाश, तो आपण होऊन पुढे आला, दात मात्र मी मिटून घेतले. म्हटलं, विचार कर. सगळं काकांनी सांगितलं तर तू काय शिकणार. मास्तरी सुरात म्हटलं. ती ‘हो, बरोबर आहे’ म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत खरोखर विचार करायला लागली. मूर्ख.

दोन दिवसांनी, मी स्टोअरमध्ये वायरींची भेंडोळी मोजून घेत असताना तिचा मेसेज आला. ‘काका, हँडीसाठी “हातघाईचा” चालेल का? हात म्हणजे हात, घाई म्हणजे जल्दी. हातात घेतला की फटाफट काम. आजच्या घरासाठी हातघाईचा ब्लेंडर. मला खूप चांगलं लागतंय. तुम्हीच शिकवलं होतं ना क्लासमध्ये घाई?’

मी भेंडोळं खाली ठेवलं आणि एकटाच हसलो. हातघाईवर येणं म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा. बोलाचाली संपून गुद्दागुद्दी सुरू होते ती हातघाई. गचांडी धरणं म्हणजे हातघाई. तिने दोन सरळ शब्द घेतले, दोन्ही मीच दिलेले, एकमेकांना जोडले आणि त्यातून मारामारी काढली. पुण्यातला, मुंबईतला माणूस ही चूक करूच शकत नाही. ही चूक करायला मराठी आवडावी लागते आणि ती दिल्लीत शिकलेली असावी लागते.

मग मी उत्तर लिहिलं. ‘मस्त. बिल्कुल चालेल. नवा शब्द आहे, लोक लक्षात ठेवतील.’

पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. तिने जोडलेले हात पाठवले आणि खाली लिहिलं, ‘काका, तुम्ही बेस्ट.’

खोकी छापून यायला तीन आठवडे होते. म्हणजे कामाचे पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ती माझ्या शेजारी बसली होती आणि पंधराही दिवस मला तोंड होतं. एके दिवशी तिने आपणहून सांगितलं की धीरज सर म्हणालेत, हे खोकं नीट बाजारात गेलं की मी पक्की. आईला अजून सांगितलं नाहीये, पक्की झाल्यावर पेढेच घेऊन जाणार आहे. मी म्हटलं, होईल. आणि तिच्या झाकणातली खिचडी खाल्ली.

मी काय वाट बघत होतो तेही सांगतो. मला चित्र दिसायचं, रोज दाढी करताना दिसायचं. महाराष्ट्रातून फोन येणार, धीरज सर स्वतः स्टोअरमध्ये उतरून येणार, ‘सुधाकरजी, बचा लो’ म्हणणार. मी चष्मा काढणार, थोडा वेळ घेणार आणि मग तो शब्द देणार. आटोपशीर. सगळे एकमेकांकडे बघणार. खुर्ची रिकामी होणार. पोरीचं काय होणार, हे त्या चित्रात नव्हतं. ती चित्राच्या बाहेर कुठेतरी जायची. कुठे, ते मी बघत नसे.

खोकी मंगळवारी आली. बारा हजार. पहिलं बंडल सोडलं आणि एक खोकं दिव्याखाली धरलं. लाल रंगावर पांढरी ठसठशीत अक्षरं, ‘आजच्या घरासाठी हातघाईचा ब्लेंडर’. खाली एक हसरी बाई, ब्लेंडर मुठीत उभा धरलेली. त्या ओळीखाली ती बाई भाजी घोटणार आहे असं वाटत नव्हतं. नवरा आत्ता घरी येतोय आणि ती दाराआड उभी आहे, असं वाटत होतं.

माल आत घेताना छापलेलं खोकं मंजुरीच्या कागदाशी ताडून बघायचं असतं. तो कागद बंडलाबरोबर येतो. मी उघडला. मजकूर, रंग, मापं. खाली रकाना होता, भाषा तपासणी. त्यात स्वानंदीने आपल्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं:

‘श्री. सुधाकर खांबेटे, वरिष्ठ मराठी सल्लागार.’

असं पद आमच्या कंपनीत नाही. तिने ते तयार केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, गरज नव्हती, रकान्यात नुसतं स्वतःचं नाव घातलं असतं तरी चाललं असतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझं नाव भाषेच्या रकान्यात आलं होतं, तेही श्री. लावून, आणि वर लाल खोक्यावर मारामारी होती.

मला लाज वाटली असं लिहिलं तर शोभून दिसेल. मला राग आला. तिचाच. इतकं चांगलं वागायचं काय कारण होतं? मी जळायला मोकळा होतो, तिने तेही धड राहू दिलं नाही.

तो माल मी अडवू शकत होतो. ‘छपाईत दोष’ असं लिहून परत पाठवणं माझ्या अधिकारात होतं. मी तो कागद हातात घेऊन उभा होतो, नुसता उभा, इतक्यात वरून फोन आला की केबिनमध्ये या.

झालं असं होतं की छापखान्याने नमुन्याची चार खोकी आधीच पुण्याच्या वितरकाला पाठवली होती. त्याने फोटो काढून धीरज सरांना पाठवला आणि फोन करून विचारलं की घरगुती यंत्र आहे की निवडणुकीसाठी काही सामान आहे. त्याच्या दुकानातल्या पोरांनी तो फोटो पुण्यातल्या साऱ्या ग्रुपवर फिरवला होता.

केबिनमध्ये धीरज सर होते आणि टेबलाच्या कडेला स्वानंदी उभी होती. तिचा चेहरा त्या खोक्यासारखा लाल होता, पण ती रडत नव्हती. सरांनी तिला बसायला सांगितलं होतं, ती बसली नव्हती. मी आत गेल्यावर ती माझ्याआधी बोलली, हिंदीत, सरांकडे बघून. म्हणाली की शब्द माझा होता. मी बनवला. काकांनी फक्त बघितला. त्यांचं नाव मी त्यांना न विचारता टाकलं, तेवढं कागदावरून काढून टाका.

मग माझ्याकडे वळली आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाली, ‘सॉरी काका. माझ्या ध्यानातच नाही आलं की तुम्हालाही माहीत नसेल.’

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. तुम्हालाही माहीत नसेल. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं. ती माझी कीव करत होती. मला सांभाळून घेत होती.

आणि धीरज सर खुर्चीत मागे रेलून अगदी मोठ्या मनाने म्हणाले, ‘कोई बात नहीं, सुधाकरजी. पच्चीस साल से दिल्ली में हो. भाषा छूट ही जाती है. आपकी कोई गलती नहीं.’

बघा कसं जमून आलं होतं. मी मान हलवली असती की सुटलो. नोकरी शाबूत, पोरीवर सगळा ठपका, तिने तो आपण होऊन डोक्यावर घेतलेला. खुर्ची त्याच आठवड्यात रिकामी झाली असती. हेच चित्र मला दाढी करताना दिसायचं, एवढाच फरक की ज्याला ‘हातघाई’ माहीत नाही त्या माणसाला कुणी ती खुर्ची देणार नव्हतं. खुर्ची गेली तर गेली. पण उद्यापासून बसमध्ये, कँटीनमध्ये, मंडळात, पद्मजाच्या घरी, माझ्या घरी, सुधाकर खांबेट्यांची मराठी सुटली. दिल्लीने खाल्ली. बिचारे. माझ्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती आणि ही दोघं ती माझ्या अंगावरून प्रेमाने उतरवून घेत होती.

मी म्हणालो, ‘मला माहीत होतं.’

स्वानंदीला वाटलं मी तिची बाजू घेतोय. ती ‘काका, नको’ म्हणाली.

मी धीरज सरांना हिंदीत सांगितलं. मुझे पता था. मेसेज आया उसी वक्त पता था. हातघाई का मतलब मारपीट होता है, यह मैं पाँच साल की उमर से जानता हूँ. मैंने जानबूझकर हाँ बोला. माझी मराठी कुठेही सुटलेली नाही, हे शेवटचं वाक्य मराठीतच गेलं, आणि जरा मोठ्याने गेलं.

तिला वाचवायला मी बोललो नाही. कुणी तसं समजून माझ्याबद्दल चांगलं मत करून घेऊ नये. तिला वाचवायचं असतं तर पंधरा दिवस होते. लोकांनी मला अडाणी समजण्यापेक्षा हलकट समजलेलं परवडलं, म्हणून बोललो.

धीरज सरांनी विचारलं, क्यों? मी म्हटलं, उस कुर्सी के लिए अर्ज़ी मैंने दी थी. त्यांनी टेबलावरचं खोकं उचलून उपडं ठेवलं.

स्वानंदीने एवढंच विचारलं, ‘म्हणजे बसमध्ये रोज तुम्हाला माहीत होतं?’

‘हो.’

‘खिचडी खाताना पण?’

मी हो म्हटलं. ती केबिनमधून निघून गेली.

मला काढलं नाही. काढतील असं वाटलं होतं. धीरज सर म्हणाले की ग्यारह साल का काम है, मैं ऊपर कुछ नहीं लिखूँगा. पण यापुढे मराठीचा एकही कागद तुमच्याकडे येणार नाही. चुकूनसुद्धा. स्टोअर बघा. त्याच दमात त्यांनी ठरवलं की बारा हजार खोक्यांवर त्या एका शब्दापुरता स्टिकर लावायचा आणि संध्याकाळपर्यंत नवा शब्द द्यायचा. तो शब्द स्वानंदी देणार होती.

शब्द माझ्याजवळ होता. महिनाभर दाबून धरलेला. मी जिना चढून तिच्या टेबलापाशी गेलो. ती फोनवर होती, फोन ठेवेपर्यंत उभा राहिलो. मग म्हटलं, आटोपशीर. ज्याला आपल्या हातांनी आवर घालता येतो, तो. तुला पहिल्या दिवशीच देता आला असता.

तिने तो कागदावर लिहून घेतला. वेलांटी पहिली काढली, मी दुसरी सांगितली, तिने दुरुस्त केली. मग म्हणाली, ‘थँक यू, सर.’

अठरा वर्षांत ती मला पहिल्यांदा सर म्हणाली.

शब्द घेतला, पण विश्वास ठेवला नाही. का ठेवावा? तिने काय केलं ते मला नंतर तिच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून कळलं. तिने दुपारभर फोन केले. आई, पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या एक ओळखीच्या बाई, पुण्याची मावशी, कोल्हापूरची आत्या, वितरकाच्या दुकानात उभी असलेली दोन गिऱ्हाइकं. कुणाला हँडीचा अर्थ विचारला नाही. ब्लेंडरचं चित्र पाठवलं आणि म्हटलं, हा हातात घेतल्यावर तुम्ही शेजारणीला काय सांगाल? मी अकरा वर्षांत हे एकदाही केलं नव्हतं. मला वाटायचं शब्द माझ्याजवळ असतो आणि तो मी द्यायचा असतो.

दोघींनी आटोपशीर म्हटलं. बाकी सगळ्यांनी सुटसुटीत.

‘आजच्या घरासाठी सुटसुटीत ब्लेंडर.’ पाच वाजता स्टिकरचा नमुना माझ्यासमोर माल म्हणून आला आणि मी तो माल म्हणूनच तपासला. माप बरोबर, रंग बरोबर.

बसमध्ये ती पुढे बसली. माझ्याशेजारची जागा रिकामी होती, मी पिशवी ठेवली तिथे. रस्ताभर मनात भांडत होतो. सुटसुटीत म्हणजे काय, तर मोकळं, अंगाला न अडकणारं. साडी सुटसुटीत असते, सदरा सुटसुटीत असतो. यंत्राला कसा लागेल? मग वाटलं, का नाही लागणार. सुटसुटीत वाक्य म्हणतो की आपण. आटोपशीर या शब्दात एक मर्यादा आहे, इतकंच करू, यापेक्षा जास्त नको, अशी. स्वयंपाकाला ते बरोबर, लग्नाला बरोबर. हातातल्या वस्तूला मर्यादा कशाला? ती नुसती हलकी फिरायला हवी. असं भांडत भांडत घराजवळच्या धौला कुआँपर्यंत मी हरत आलो होतो. तिथेही मानायला तयार नव्हतो.

घरी तपासणीच्या नमुन्यातला एक ब्लेंडर आणला होता. कुमुद नुकतीच ऑफिसातून आली होती, ओट्याशी उभी राहून चहा टाकत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी खोकं बाहेरच ठेवलं, नुसता ब्लेंडर तिच्या हातात दिला आणि विचारलं, कसा आहे? चोवीस वर्षं तिच्या तोंडून तो एक शब्द ऐकत आलो होतो. निदान माझ्या घरातलं मत तरी माझं होतं.

तिने तो हातात घेतला, मनगट फिरवून बघितलं, या हातातून त्या हातात घेतला.

‘सुटसुटीत आहे की,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, आटोपशीर नाही म्हणणार?

‘आटोपशीर काय? घर आहे का ते?’ ती हसली आणि ब्लेंडर ओट्यावर ठेवून चहा गाळायला लागली. मला त्या ब्लेंडरचासुद्धा राग आला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर पद्मजाचं नाव होतं. कुमुदने कप माझ्यापुढे सरकवला आणि फोन कानाला लावून, ‘अगं बोल,’ म्हणत गॅलरीत गेली. जाळीच्या दारातून मला तिची पाठ दिसत होती. सुरुवातीला ती दोनदा ‘अच्छा’ म्हणाली. एकदा ‘कोण, आमचे हे?’ म्हणाली. मग ऐकता ऐकता मागे वळून तिने दारातून माझ्याकडे बघितलं. मी चहा तसाच ठेवला आणि ती आत येण्याची वाट बघत बसलो. या वेळी बोलणं लांबवता येणार नव्हतं.